संधी, स्तंभ आणि कर्ता

१

उत्तर आयर्लंडच्या अँट्रिम किनाऱ्यावर ‘जायंट्स कॉजवे’ या नावाने ओळखला जाणारा सुमारे ४०,००० बेसॉल्टी स्तंभांचा समूह समुद्रात उतरत गेलेला आहे. यांतील बहुसंख्य स्तंभ षट्कोनी आहेत. पाच आणि सात बाजूंचेही पुष्कळ आहेत, चार किंवा आठ बाजूंचे क्वचित. ते एकमेकांना इतके लगटून उभे आहेत की त्यांच्या माथ्यांची आपोआप फरसबंदी झाली आहे. फिन मॅकूल नावाच्या महाकाय पुरुषाने स्कॉटलंडमधील आपल्या प्रतिस्पर्ध्याशी झुंज घेण्यासाठी समुद्रावर हा बांध घातला, अशी तेथील आख्यायिका आहे. पलीकडे स्कॉटलंडच्या बाजूला स्टाफा बेटावर, फिंगलच्या गुहेत, असेच स्तंभ आढळत असल्यामुळे आख्यायिकेला बांधाचे दुसरे टोकही मिळाले.

या आख्यायिकेला भाबडेपणा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु तिच्या मुळाशी असलेले अनुमान भाबडे नाही. किंबहुना ते युरोपीय तत्त्वचिंतनातील एका अत्यंत दक्ष विचारवंताच्या अनुमानाशी मिळतेजुळते आहे. १७९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या तिसऱ्या ‘क्रिटिक’मध्ये कांटने एक प्रसंग कल्पिला आहे. निर्मनुष्य भासणाऱ्या प्रदेशात एखाद्याला वाळूवर रेखलेला नियमित षट्कोन दिसतो. ही आकृती वाऱ्याने, लाटेने वा पशूच्या पावलाने उमटली असेल असे तो मानीत नाही. येथे माणसाचा माग आहे, असेच त्याला वाटते. अशी आकृती आंधळ्या निसर्गव्यापारातून उद्भवण्याचा संभव त्याला इतका अल्प भासतो, की तिच्या मागे संकल्पना बाळगणारी बुद्धी असली पाहिजे असे गृहीत धरण्यावाचून गत्यंतर राहत नाही. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’तून (१९७४) कांटशी परिचय झालेल्या मराठी वाचकाला ‘हेतूविना हेतुपूर्णता’ ही कल्पना सुपरिचित आहे. वाळूतला षट्कोन मात्र फारसा आठवला जात नाही. याच ग्रंथात अन्यत्र कांट स्फटिकांविषयी लिहितो आणि निसर्ग आपल्या यांत्रिक नियमांनीच सुंदर आकार घडवू शकतो हे मोकळेपणाने मान्य करतो. तरीही षट्कोनापाशी येताच तो मनुष्याचा शोध घेऊ लागतो. जोसेफ बँक्सने स्टाफाच्या स्तंभांना भेट दिली होती ती १७७२ साली, आणि मध्य फ्रान्समधील ओव्हेर्न्य भागातील असे स्तंभ थिजलेल्या लाव्ह्याचे आहेत हे देमारेच्या ध्यानात आले होते १७६३ सालीच. म्हणजे ज्या काळी कांट षट्कोनात बुद्धीचा माग पाहत होता त्या काळी बुद्धीचा स्पर्शही नसलेले हजारो षट्कोन युरोपच्या चर्चाविश्वात येऊन पोचले होते.

एखादी रचना नियमित आहे, एवढ्यावरून तिला कर्ता आहे असे म्हणता येते काय? आणि कर्ता नसेल, तर तिच्याविषयी उत्तरदायी कोण? पहिला प्रश्न सौंदर्यशास्त्राचा व ज्ञानमीमांसेचा मानला जातो, दुसरा नीतीचा. साहित्यसमीक्षेने गेल्या अर्धशतकात पहिल्याचा ऊहापोह भरपूर केला. दुसऱ्याकडे ती सहसा वळत नाही. प्रत्यक्षात दुसऱ्याला टाळून पहिल्याचे उत्तर देता येत नाही.

महाकाय कर्त्याच्या कल्पनेचे एक रूप महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. नाशिकजवळच्या बौद्ध लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. इतके अवघड काम माणसाच्या हातून होणे शक्य नाही, सबब ते पांडवांनी केले असले पाहिजे, हा त्यामागचा तर्क. कॉजवेची आख्यायिका आणि ही समजूत वरवर सारख्या दिसतात. परंतु त्यांत नैतिकदृष्ट्या मोठे अंतर आहे. कॉजवेला कर्ताच नव्हता, म्हणून तेथे महाकाय पुरुषाने कोणाची जागा घेतली नाही. नाशिकच्या लेण्यांत मात्र दान देणाऱ्यांचे लेख भिंतींवर कोरलेले आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर वेणुवासाचा पुत्र सामि या धेनुकाकटाच्या सुताराने दाराचे काम केल्याचा लेख आहे. आपले, बापाचे व गावाचे नाव दगडावर सोडून गेलेल्या कारागिराला विसरून काम देवतुल्य वीरांच्या नावावर टाकणे ही केवळ ज्ञानातील चूक नव्हे. एखाद्या रचनेला कर्ता नसताना तो कल्पिणे आणि कर्ता असताना तो नाहीसा करणे, या दोन उलट दिशांच्या चुका आहेत. पण त्यांना जन्म देणारी वृत्ती एकच, आणि ती म्हणजे रचनेच्या भव्यतेने दिपून तिच्या घडणीकडे न पाहणे.

२

मग स्तंभांची घडण कशी होते? हे थोड्या विस्ताराने पाहणे आवश्यक आहे, कारण समीक्षेत ‘संरचना’ हा शब्द जितक्या सहजतेने वापरला जातो तितक्या सहजतेने त्यामागील प्रक्रियेचा विचार होत नाही.

सुमारे ११०० अंश सेल्सिअस तापमानाचा लाव्हा पसरतो, वरून हवेमुळे व खालून जमिनीमुळे निवू लागतो आणि घट्ट होतो. घट्ट झालेला खडक आणखी थंड होताना आकसतो. परंतु आजूबाजूच्या खडकाने तो जखडलेला असल्यामुळे त्याला मोकळेपणाने आकसता येत नाही. आतला ताण वाढत जातो आणि खडकाच्या सहनशक्तीपलीकडे गेला की तडा जातो. आइसलँडच्या बेसॉल्टवर लिव्हरपूल येथे झालेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हे तडे ८४० ते ८९० अंशांच्या दरम्यान पडतात असे दिसून आले. म्हणजे खडक पूर्ण घट्ट झाल्यानंतर, पण अजून रसरशीत असताना. पृष्ठभागावर पडणारे पहिले तडे बेशिस्त असतात. एक भेग आधी पडलेल्या दुसऱ्या भेगेला काटकोनात जाऊन मिळते, तळ्याच्या सुकलेल्या चिखलात दिसते तसे. पुढे थंडावा जसजसा आत सरकतो तसतशा भेगाही टप्प्याटप्प्याने आत उतरतात, आणि उतरताना त्यांची मांडणी बदलते. जिथे दोन भेगा काटकोनात मिळत होत्या तिथे हळूहळू तीन भेगा सुमारे १२० अंशांच्या कोनांत एकत्र येऊ लागतात. कमीत कमी लांबीच्या भेगांनी अधिकात अधिक ताण मोकळा होतो तो अशाच जाळ्यात. षट्कोन हा या वाटाघाटीचा शेवट आहे, आरंभ नव्हे. कोणत्याही एका भेगेला षट्कोन ठाऊक नसतो.

येथे स्फटिक आणि स्तंभ यांतील भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण अठराव्या शतकातील फार मोठा वाद याच घोटाळ्यावर उभा होता. वेर्नरच्या अनुयायांच्या मते बेसॉल्ट हा आदिम सागरातून निक्षेपित झालेला खडक होता, आणि त्याचे स्तंभ हे पाण्यातून जमणाऱ्या स्फटिकांसारखे मानणारेही त्या बाजूला होते. हटनपंथीय त्यामागे अग्नी पाहत. स्फटिकाचा षट्कोन हा त्या द्रव्याच्या अणूंच्या मांडणीतून, म्हणजे त्याच्या स्वभावातून, येतो. त्याचे कोन ठरलेले असतात. स्तंभाचा षट्कोन द्रव्याच्या स्वभावातून येत नाही. तो बेसॉल्टमध्ये आढळतो. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर माल्पेजवळील सेंट मेरी बेटांवर सिलिकाचे प्रमाण बरेच अधिक असलेल्या वेगळ्याच ज्वालामुखी खडकात आढळतो. आणि मक्याचे पीठ पाण्यात कालवून सुकू दिले तर त्यातही काही मिलिमीटर जाडीचे तसेच स्तंभ तयार होतात. टोरांटो येथील गेरिंग आणि मॉरिस यांनी पिठातील व खडकातील स्तंभ यांचे नाते याच शतकाच्या पहिल्या दशकात प्रयोगांनी तपासले. एके ठिकाणी उष्णता निघून जाते, दुसऱ्या ठिकाणी ओलावा. आकसणे आणि जखडलेले असणे ही जोडी दोन्हीकडे समान. स्तंभाची जाडीदेखील खडकाच्या जातीपेक्षा निवण्याच्या गतीवर अवलंबून असते. लाव्हा सावकाश निवला तर स्तंभ जाड, लवकर निवला तर बारीक.

रचना ही द्रव्यापासून स्वतंत्र असते, घटकांच्या स्वभावापेक्षा त्यांच्या परस्परसंबंधांनी निश्चित होते, हा संरचनावादाचा मूळ दावा येथे जणू दगडात उतरलेला दिसतो. लेव्ही-स्ट्रोसने १९५५ सालच्या आपल्या प्रवासग्रंथात भूविज्ञानाची गणना स्वतःच्या विचाराच्या प्रेरणांमध्ये, मार्क्सवाद आणि मनोविश्लेषण यांच्या जोडीला केली होती, हे येथे आठवते. तथापि स्तंभांकडे जरा जवळून पाहिले की या दाव्याची दुसरी बाजूही पुढे येते. स्तंभांच्या बाजूंवर छिन्नीने ओढल्यासारखे आडवे पट्टे असतात. प्रत्येक पट्टा म्हणजे भेगेची एक झेप. भेग काही सेंटिमीटर पुढे गेली, थांबली, पुन्हा ताण साठला, पुन्हा पुढे गेली. तज्ज्ञाला या पट्ट्यांवरून खडक कोणत्या बाजूने आणि किती वेगाने निवत गेला हे सांगता येते. जी वस्तू दुरून कालातीत भूमिती वाटते ती जवळून पाहिल्यास पायरीपायरीने घडलेल्या घटनांची नोंद ठरते.

घटना हा शब्द येथे केवळ सोयीसाठी आलेला नाही. मराठीत हा शब्द दोन अर्थ वागवतो. घडलेला प्रसंग म्हणजे घटना, आणि घडण, बांधणी म्हणजेही घटना. ‘राज्यघटना’ या शब्दात दुसरा अर्थ आजही जिवंत आहे. युरोपीय संरचनावादाला ज्या दोन कल्पनांचे सांधे जुळवताना दशके घालवावी लागली त्या मराठीने एकाच शब्दात ठेवल्या. भाषेच्या असल्या योगायोगांवरून सिद्धान्त उभारू नये हे खरे. पण ते नजरेआड करण्याचेही कारण नाही. संस्कृत काव्यशास्त्रात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतात ‘संघटना’ या नावाने पदरचनेची चर्चा केली आहे. समासरहित, मध्यम समासांची आणि दीर्घ समासांची असे तिचे तीन प्रकार. संघटना आणि गुण एकच की भिन्न, भिन्न असल्यास गुण संघटनेवर आधारलेले की संघटना गुणांवर, असा प्रश्न उपस्थित करून तो संघटनेला गुणांच्या आश्रयाला ठेवतो, आणि तिचे नियमन वक्ता, वाच्य आणि काव्यप्रकार यांच्या औचित्याकडे सोपवतो. म्हणजे एकच दीर्घसमासयुक्त संघटना एका वक्त्याच्या मुखी उचित आणि दुसऱ्याच्या मुखी अनुचित ठरू शकते. कोण बोलतो आहे हा प्रश्न वगळून रचनेचे मूल्यमापन होऊ शकत नाही, ही जाण या विवेचनात आहे.

‘संधी’ या शब्दाचे काय? भूविज्ञानाच्या मराठी परिभाषेत खडकातील अशा भेगांना ‘संधी’ किंवा ‘सांधा’ म्हणतात. नाट्यशास्त्रातील मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण हे पाच संधी कथावस्तूचे तुकडे जोडतात. व्याकरणातील संधी वर्ण जोडतो. खडकातील संधी मात्र तोडतो, आणि तरीही जोडाचेच नाव वागवतो. परिभाषाकारांनी इंग्रजी संज्ञेचे भाषांतर केले एवढेच त्यामागे असेल, पण नाव अन्वर्थक ठरले आहे. कारण स्तंभ म्हणजे भेगांच्या मधे उरलेला भाग. तो कोणी उभा केलेला नाही. आणि एक भेग नेहमी दोन स्तंभांची बाजू असते. ज्या रेषेवर दोन शेजारी विलग झाले तीच त्यांची एकमेव सामाईक वस्तू.

खांबाविषयीची आपली सहजकल्पना येथे उलटी होते. देवळाचा खांब भार तोलतो. कार्ले, भाजे येथील लेण्यांतील खांबांचे प्रकरण मुळातच वेगळे आहे: ते अखंड कातळातून कोरून मागे ठेवलेले आहेत, आणि छताला बसवलेल्या लाकडी कमानी तर काहीच तोलीत नाहीत, त्या लाकडी वास्तूची आठवण तेवढी टिकवतात. घारापुरीच्या मुख्य लेण्यातले अनेक खांब कालौघात मोडले, तरी छत जागच्या जागी राहिले. येथे खांब हा आधाराहून अधिक आधाराचे चिन्ह आहे. बेसॉल्टचा स्तंभ या दोहोंपैकी काहीच नाही. तो आधार नव्हे, चिन्हही नव्हे. आधाराचा भास मात्र तो हमखास निर्माण करतो. भूवैज्ञानिकही या भासातून सुटले नाहीत. १९४० साली टॉमकीएफने कॉजवेच्या लाव्हाथरांचे वर्णन करताना खालच्या सुबक स्तंभांच्या थराला ‘कोलोनेड’ आणि वरच्या वाकड्यातिकड्या थराला ‘एंटाब्लेचर’ म्हटले. ग्रीक देवालयाच्या वास्तुशास्त्रातले हे शब्द आजही रूढ आहेत. महाकाय पुरुष हद्दपार झाला, पण त्याचे देऊळ परिभाषेत उभे राहिले.

याउलट उत्तर अमेरिकेतील वायोमिंग प्रांतातल्या ‘डेव्हिल्स टॉवर’ या प्रचंड स्तंभसमूहाविषयीची कायोवा लोकांची कथा पाहावी. अस्वलाच्या तावडीतून पळणाऱ्या सात बहिणींना उचलून धरण्यासाठी झाडाचा बुंधा आकाशापर्यंत वाढला. खाली अस्वलाने नखांनी त्याची साल ओरबाडली. या कथेला उभ्या रेषांत खांब दिसत नाहीत, ओरखडे दिसतात. युरोपीय डोळ्याने उरलेल्या दगडाकडे पाहिले, कायोवा कथेने फटींकडे. अस्वल खरे नव्हते, पण दृष्टी योग्य जागी पडली होती: या खडकात मुळात जे घडले ते फाटणे आहे, उभारणी नव्हे.

३

महाकाय, स्फटिक आणि भेग ही रचनेच्या स्पष्टीकरणाची तीन रूपे मानली तर समीक्षेच्या इतिहासातही ती ओळखू येतात. कृतीला लेखकाच्या संकल्पाचे फळ मानणारी समीक्षा महाकायाच्या बाजूची. कृतीला आतून उमलणारे, स्वतःच्या नियमाने वाढणारे सजीव पूर्णत्व मानणारी भूमिका स्फटिकाच्या बाजूची. मर्ढेकरांचे लयतत्त्व, त्यातील संवाद, विरोध आणि समतोल यांसह, कलावंताच्या कृतीचे विवेचन असूनही शेवटी याच बाजूला झुकते. भेगेची बाजू संरचनावादाने घेतली. परंतु ही वर्गवारी साहित्यापुरती ठेवली तर ती एक करमणूक ठरेल. तिची कसोटी लागते ती जिथे रचना माणसांना चिरडते तेथे.

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या परिसंवादात भीमराव आंबेडकर यांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. तेव्हा ते २५ वर्षांचे होते. जातिव्यवस्थेची उपपत्ती देताना त्यांनी प्रचलित स्पष्टीकरणे ज्या क्रमाने दूर सारली तो क्रम लक्षणीय आहे. मनूने जाती निर्माण केल्या हे त्यांनी नाकारले. एका स्मृतिकाराची ती ताकद नव्हती. अस्तित्वात असलेल्या रूढीला त्याने संहितेचे रूप दिले एवढेच. मनूविषयी त्यांना आदर होता म्हणून हे विधान आले नाही, हे निबंधाची भाषाच सांगते. ब्राह्मणांनी ती इतरांवर लादली हेही, त्यांच्या मते, पुरेसे स्पष्टीकरण नव्हते. वंशभेदातून जाती आल्या हा त्या काळी प्रतिष्ठित असलेला सिद्धान्तही त्यांनी मानला नाही. म्हणजे महाकाय गेला, आणि स्फटिकही गेला. उरली ती प्रक्रिया. एक वर्ग अंतर्विवाहाने स्वतःला बंद करून घेतो. त्या बंदिस्तीत स्त्रीपुरुषसंख्येचा समतोल राखण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या प्रथा येतात. इतर वर्ग काही अनुकरणाने आणि काही नाइलाजाने बंद होत जातात. एकाने दार लावले की बाहेर राहिलेलाही आपोआप कोंडला जातो, अशी दाराची प्रतिमा त्यांनी या संदर्भात योजली आहे. आणि या सगळ्याचा तर्कशुद्ध शेवट असा, की एकवचनी ‘जात’ अशी वस्तूच नसते. जाती असतात त्या अनेकवचनातच.

फेर्दिनां द सोस्यूरची भाषाविषयक व्याख्याने त्याच्या पश्चात ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली तीही याच १९१६ साली. भाषेत स्वयंभू घटक नसतात, असतात ते केवळ भेद, हे त्या ग्रंथाचे सूत्र पुढे संरचनावादाची कोनशिला ठरले. आंबेडकरांनी सोस्यूर वाचला असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तरीही एका सामाजिक संस्थेतील घटक हे भेदांतूनच अस्तित्वात येतात, ही मांडणी त्याच वर्षी एका भारतीय विद्यार्थ्याने केली होती. मराठीतील संरचनावादाची चर्चा जिनीव्हाहून निघून पॅरिसमार्गे मुंबई-पुण्याला आली. न्यूयॉर्कची वाट तिने पाहिली नाही. हा दोष वाचनाचा आहे, सिद्धान्ताचा नव्हे.

दोघांत मात्र एक निर्णायक फरक आहे, आणि प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. भाषेतील भेदांनी कोणाचा पाणवठा बंद होत नाही. जातीच्या भेदांनी होतो. म्हणून कर्त्याला बाजूला सारल्यानंतर सोस्यूर जेथे निश्चिंतपणे थांबू शकतो तेथे आंबेडकर थांबू शकत नाहीत.

येथे स्तंभांच्या उपमेची मर्यादा उघड होते, आणि ती उघड करणे हे उपमा वापरण्याइतकेच आवश्यक आहे. समाजरचनेला निसर्गाची उपमा देणे निरागस नसते. पुरुषसूक्तातील देहाच्या रूपकापासून आधुनिक काळातील ‘सामाजिक थर’ या भूवैज्ञानिक शब्दप्रयोगापर्यंत अशा उपमांनी एक काम सातत्याने केले आहे: जे घडले ते घडणारच होते, असा आभास उत्पन्न करणे. ताण साठला, तडा गेला, षट्कोन झाला, दोष कोणाचा? १९३६ सालच्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये आंबेडकरांनी ही पळवाट बुजवली आहे. जात ही विटांची भिंत किंवा काटेरी तारेचे कुंपण यांसारखी भौतिक वस्तू नाही, ती एक धारणा, मनाची एक अवस्था आहे, असे ते तेथे मांडतात. वीस वर्षांपूर्वी दाराची प्रतिमा योजणाऱ्यानेच भिंतीची प्रतिमा नाकारावी यात विसंगती नाही. दाराला लावणारा हात लागतो. भिंत एकदा उभी राहिली की उभीच असते.

दगडातील भेगेला पुढे जायचे की नाही याची निवड नसते. जातीची भेग मात्र प्रत्येक पिढीत, प्रत्येक सोयरिकीत, प्रत्येक पंगतीत पुन्हा पुढे न्यावी लागते. स्तंभावरील छिन्नीसारखे पट्टे आठवावेत: भेग अखंड धावत नाही, थांबते आणि पुन्हा निघते. खडकात ती साठलेल्या ताणामुळे निघते. समाजात तिच्या प्रत्येक नव्या झेपेला कोणाचा तरी होकार लागतो, मग तो मुका का असेना. आरंभाला कर्ता नव्हता म्हणून प्रवाहाला कर्ते नाहीत असे होत नाही. रचनेच्या उगमाचा शोध आणि तिच्या सातत्याचा शोध हे दोन वेगळे शोध आहेत. पहिल्याचे उत्तर ‘कोणी नाही’ असे आले की दुसरा आटोपता घेणे ही बौद्धिक घाई नव्हे, ती सोय आहे. ही सोय अर्थात ज्यांना रचनेत वरची जागा मिळाली त्यांनाच परवडते. शिवाय एक आक्षेप येथे घेतला जाईल: होकार देणारा तरी स्वतंत्र कुठे असतो, त्याचे मनही त्याच रचनेने घडवलेले नसते काय? आक्षेप खरा आहे. पण त्यातून जबाबदारी नाहीशी होत नाही, तिची वाटणी बदलते. एका महाकायाच्या खांद्यावरील ओझे असंख्य सामान्य खांद्यांवर विभागले जाते, आणि विभागलेले ओझे जाणवत नाही म्हणून ते नसल्याचे भासते. मनूची प्रतिमा पुढे ठेवण्यात हा धोका होताच: एक दोषी सापडला की बाकीचे सुटतात. १९२७ साली महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले ते, १९१६ चा निबंध ध्यानात घेतला तर, जातीच्या जनकाचे दहन म्हणून वाचता येत नाही. रूढीला मिळालेल्या संहितारूपाचे, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दिल्या गेलेल्या होकाराच्या लेखी पुराव्याचे ते दहन ठरते.

४

लेखक मृत झाल्याची घोषणा रोलाँ बार्तने १९६७-६८ च्या सुमारास केली. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली प्रसिद्ध झाले. या दोन तारखांमध्ये दहा वर्षांचे अंतर आहे, आणि मराठी समीक्षेत हे दोन्ही आवाज जवळजवळ एकाच वेळी ऐकू येऊ लागले. संहिता ही संकेतांची वीण आहे, तिच्यामागे लेखक नामक उगम शोधू नये, असे एक आवाज सांगत होता. दुसरा आवाज होता तो प्रथमच ‘हे माझ्यावर गुजरले’ असे छापील मराठीत सांगू शकणाऱ्यांचा. शतकानुशतके ज्यांना कर्तेपणच नाकारले गेले त्यांच्या हाती लेखणी येते न येते तोच कर्तेपण ही कल्पना कालबाह्य ठरवली जावी, याचा विषाद अनेकांनी बोलून दाखवला आहे, आणि तो रास्त आहे. कार्ल्याच्या सुताराने नाव कोरावे आणि लगेच कोणी सांगावे की दारे स्वतःच घडत असतात, तसे हे झाले.

पण विषादापाशी थांबल्यास ‘बलुतं’ची घडण हातून निसटते. या आत्मकथनाचा आरंभच ‘मी’च्या दुभंगातून होतो. लेखक दया पवार याला दगडू मारुती पवार भेटतो, आणि आयुष्याची हकिगत सांगतो तो दगडू. सांगणारा आणि लिहिणारा एकाच देहाचे दोन भाग आहेत. त्यांच्यामधून जी भेग गेली आहे ती खासगी मनाची नाही, ती गावकुसाची आहे, शाळेची आहे, नावाची आहे. कर्तेपणाचा दावा येथे महाकायाच्या आविर्भावात येत नाही. रचनेने आपल्याला कसे घडवले हे दाखवणाराच रचनेविरुद्ध साक्ष देतो, आणि साक्ष देण्यासाठी त्याला स्वतःचे दोन तुकडे समोरासमोर बसवावे लागतात. बार्तचा सिद्धान्त येथे खोटाही ठरत नाही आणि पुराही पडत नाही. संकेतांची वीण आहेच. पण ती कोणाच्या कातडीवर विणली गेली हा प्रश्न आनंदवर्धनाच्या ‘वक्तृ-औचित्या’सारखा पुन्हा दाराशी उभा राहतो. कोण बोलतो आहे?

संरचनेची भाषा टाकून देणे हा यावरचा उपाय नाही. ती टाकली तर पुन्हा महाकाय तरी येतो किंवा स्फटिक तरी: अन्याय काही दुष्ट व्यक्तींचा खेळ आहे असे म्हणावे लागते, नाहीतर तो ज्याच्या त्याच्या स्वभावाचा, गुणकर्माचा परिणाम आहे असे. दोन्ही स्पष्टीकरणे वापरून झाली आहेत. समीक्षकाला कृतीतील बंध दाखवायचा असेल तर तो कोणत्या ताणातून आला, कोणत्या बाजूने निवत गेला, आणि त्या भेगेच्या दोन्ही बाजूंना काय उभे आहे, हे दाखवल्याशिवाय त्याचे काम पुरे होत नाही. बंध नुसता रेखाटून देणे म्हणजे कॉजवेच्या माथ्यावरून चालत जाऊन फरसबंदीची वाखाणणी करणे होय.

मुंबईत अंधेरीच्या पश्चिमेला गिल्बर्ट हिल हा सुमारे ६० मीटर उंचीचा काळा कडा आहे. दख्खनच्या ज्वालामुखी-पर्वाशी नाते सांगणारे त्याचे बेसॉल्टी स्तंभ सरळ उभे आहेत. माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे, आणि पायथ्याशी चहूबाजूंनी वस्ती व इमारती भिडल्या आहेत. आजूबाजूचा खडक खाणकामाने कापून नेला गेला. २००७ साली महानगरपालिकेने त्याला वारसास्थळाचा दर्जा दिला आणि खाणकामावर बंदी आली. खाली उभ्या राहणाऱ्याला समोर उभ्या रेषांची एक भिंत दिसते. तिच्यातील पुष्कळशा रेषा कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हा निवताना पडल्या आहेत. कड्याची कडा मात्र, जिथे डोंगर संपून रस्ता सुरू होतो ती, सुरुंग आणि पहार यांनी कोणाच्या तरी ठेक्यावर, कोणाच्या तरी मजुरीवर पाडलेली आहे. त्या मजुरांची नावे कोठेही कोरलेली नाहीत.